साखरेच्या पोत्यांचे बेस

सॉफ्टबॉलच्या नियमांचं पुस्तक मी नगरच्या जुन्या बाजारात घेतलं, तेव्हा तो खेळ मी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पण कशाचेही नियम वाचायची मला खोड. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं आणि मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत होतो. पावसाळ्यात गाळप बंद, हाताला काम कमी. पुस्तक घेऊन वसाहतीच्या मैदानात उभा राहिलो आणि बघता बघता गडी जमले.

सगळे क्रिकेटवाले. त्यांना एकेक नियम पचेना. चेंडू खांद्यावरून नाही, हात खालून आणून टाकायचा. तीन चांगले चेंडू हुकले की बाद. चार वाईट पडले तर पहिला बेस, म्हणजे पळायच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट. फटका मारला की बॅट तिथंच टाकून पळायचं. आमचा एक फिटर ती काखोटीला मारून दुसऱ्या बेसपर्यंत जायचा. तीन बेसना शिवून चौथ्यावर, म्हणजे जिथून फटका मारला त्या ‘घरी’, आलं की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव समोरच्यांचा. कुणी “असं का?” विचारलं की मला गुदगुल्या व्हायच्या. जेवतानासुद्धा पुस्तक ताटाशेजारी असायचं.

बेस मीच तयार केले होते. गोदामातली साखरेची फाटकी पोती, आत उसाचा भुसा, वरून सुतळीची शिवण. मला त्यांचा फार अभिमान.

सगळ्यात लांब फटका गोदामातल्या एका हमालाचा. चाळिशीचा, तालमीत घडलेला माणूस, म्हणून सगळे त्यांना पैलवान म्हणत. ते बेसवर पाय ठेवत नसत. प्रत्येक ठिकाणी वाकून हात लावायचे आणि पुढे पळायचे. आखाड्यात उतरताना मातीला हात लावतात, तीच सवय असणार, असं मी ठरवून टाकलं. लगेच पुस्तक चाळलं. अंगाचा कुठलाही भाग बेसला लागला तरी चालत होतं. मी खूश.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी शेजारच्या कारखान्याशी सामना ठरला. दसऱ्याला बॉयलर पेटला की पैलवानांना उन्हाळ्यापर्यंत मान वर करायला सवड नव्हती.

“एक तरी सामना खेळून घेतो सायेब,” ते मला चारदा म्हणाले.

पंच मीच, कारण पुस्तक वाचलेला मी एकटा. शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं मागं, दोन गडी बाद, आणि पैलवानांनी चेंडू पार उसाच्या कडेला धाडला. ते पळाले. वाकले, पळाले, वाकले, पळाले. घरी येऊन वाकले, तेव्हा त्यांचा हात पोत्यापासून वीतभर वर होता आणि समोरच्या गड्यानं हातातला चेंडू त्यांच्या खांद्याला टेकवला होता. बेसला शिवायच्या आत चेंडू अंगाला टेकला की बाद, म्हणून मी बाद दिलं. सामना गेला. त्यांनी पोत्यावर उमटलेली बुटाची माती तेवढी तळहातानं झटकली.

तेव्हा कुठं मी विचारलं, “पैलवान, पाय का नाही लावत?”

“पाठीवर घेतो ते पोतं. त्याच्यावर घर चालतं. त्याला पाय कसा लावू?”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलंच न्हाई. तुमचं आपलं पुस्तक चाल्लं हुतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या जुन्या रबरी पट्ट्याचे चार तुकडे कापून पोत्यांच्या जागी मांडले आणि संध्याकाळी त्यांना मैदानात बोलावलं. समोर संघ नव्हता, चेंडूही नव्हता. त्यांनी पहिल्या तुकड्यावर हळूच पाय ठेवून पाहिला. मग चपला काढल्या आणि चारही बेसवर पाय देत, एकदाही न वाकता, घरी आले.

“आता बाद द्या बरं,” ते म्हणाले.