दोन घोणशी

धाकट्या दिरांना साप चावला तेव्हा मी उसाच्या बांधावर होते. घनसावंगीच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. सुट्टी होती, म्हणून दुपारची भाकरी घेऊन शेतात गेले होते.

पाचटाखालून एक जाडजूड साप निघाला. आमचा सालगडी लांबूनच म्हणाला, "घोणस हे ते. काई करत न्हाई."

दिरांनी हसत त्याला शेपटीला धरून उचललं. सापानं वळून अंगठ्यात दात रोवले. हात झटकला तरी तो सुटेना.

माझ्या नवऱ्यानं फावड्यानं सापाचा चेंदामेंदा केला. अंगावरची काळ्या कड्यांची माळ तेवढी ओळखू येत होती. ही गड्याच्या मनातली बिनविषारी डुरक्या घोणस नव्हती, जहाल विषारी घोणस होती.

मी तसं म्हणताच नवरा गड्याकडे वळला. "काई करत न्हाई म्हन्ला ना तू?" फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. तो पडला, तरी लाथा चालूच.

"मालक, घोणसच म्हणलो मी," तो रक्त थुंकत म्हणाला.

"अहो, दोघींनाही घोणसच म्हणतात. तो खोटं बोलला नाही," मी ओरडत मध्ये शिरले. पुढचा दांडा माझ्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज नवऱ्यालाही ऐकू आला असावा. तो थांबला.

जीपमध्ये दिरांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. जालन्याच्या दवाखान्यात ते वाचले, अंगठा मात्र कापावा लागला. गड्याचा एक डोळा गेला.

शुद्धीवर आल्यावर दिरांनी विचारलं, "वहिनी, घोणस म्हणजे घोणसच ना?"

मी सांगितलं, "शास्त्रात नावाचे दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसरा त्या एकाच जातीचा. ते नाव जगभर एकच चालतं. तुम्हाला चावली तिचा पहिला शब्द डाबोइया. डुरक्याचा एरिक्स. कुळंसुद्धा वेगळी. सारखं आहे ते फक्त आपण ठेवलेलं नाव."

ते म्हणाले, "मंग गड्याला कशापायी मारलं?"

नवरा दारातच उभा होता. तो बाहेर गेला.

माझ्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघं गड्याच्या घरी गेलो. तो आतच होता, बाहेर आला नाही. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं. नवऱ्याला दिलं नाही.