गिरिजा मॅडमचा वर्ग चालूच राहणार

डॉ. गिरिजा हत्तुरे मॅडम मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि होटगीत मावशीच्या घरात भिंतीला टेकून बसलो होतो. घरी मला मार पडायचा, म्हणून मावशीने मला तिच्याकडे आणलं होतं. मॅडमच्या हाताखाली शिकणारे एक तरुण सर मला प्रश्न विचारायला आले होते. माणूस चांगला होता. पण वारा येतो म्हणून बसले नेमके दारात. ते विचारत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून बाहेर बघत होतो.

तेवढ्यात अंगणातून मॅडम आल्या. "सर, उठा तिथून. पोराची वाट अडवलीय तुम्ही," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला जायचंय का?"

मला 'तुम्ही'! मी उठलो आणि रुळाच्या कडेने पार स्टेशनापर्यंत पळत गेलो. मागून मावशी ओरडत होती, "आरं, बाई सोलापूरवरनं आल्यात की! कुटं निगाला?" मॅडमनी मात्र हाक मारली नाही. पुढे त्या परत आल्या, तेव्हाही मी गप्पच होतो. त्यानंतर कधीतरी मी आपणहून बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते माझं आहे, आणि ते कुठे सांगायचं हे मी ठरवायचं, हे मला मॅडमनीच शिकवलं.

मुलांना होणारी मारहाण, त्यांचा छळ, त्यांची हेळसांड यांचा अभ्यास करायला निघालेल्या नव्या संशोधकांना मॅडम तयार करतात. त्यांचा हा वर्ग सध्या शुक्रवार पेठेत त्यांच्या घराच्या माडीवर भरतो. आता मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, आणि "पुरे झालं, आता वर्ग बंद करा, आराम करा" असं सांगणारी माणसं गावात कमी नाहीत. त्यांतली काही मॅडमच्या साठीच्या सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेत बसतील. हा लेख त्यांनीही वाचावा.

त्या दिवशी निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीतल्या एका काकांचा मला फोन आला होता. "बाळ, मॅडमची माया लिही. ते छळबिळ नको. समारंभाला मोठी माणसं येणारेत." मी सहावी शिकलेला माणूस, लिहायला मला वेळ लागतो. त्यातून छळ काढून टाकला तर मॅडमच्या कामातलं उरतं काय? हार आणि नारळ? तेव्हा काका, माफ करा, मी लिहिणार.

मॅडमची शिकवायची रीत वेगळी आहे. त्यांचा विद्यार्थी थेट मुलाकडे जात नाही. आधी वर्गात कुणीतरी मूल होऊन बसतं आणि विद्यार्थी त्याला विचारतो. मी एका जागी टिकणारा नव्हे. बेकरी झाली, यंत्रमाग झाला, गॅरेज झालं, आता हिमाचलात बोगद्याच्या कामावर आहे. पण सोलापुरात असलो की पोर होऊन बसायचं काम माझ्याकडे. एकदा एका सरांनी मला विचारलं, "तुझं कधी शोषण झालं आहे का?" मी म्हटलं, "ते काय असतंय ओ? सुई टोचत्यात का?" सगळ्यात आधी हसल्या त्या मॅडम. मग म्हणाल्या, "हसा, पण प्रश्न बदला. पोराच्या घरात जे शब्द आहेत त्यातच विचारायचं. आणि पोर 'नको' म्हणालं की पेन खिशात. तोंड पाडायचं नाही. खेळायचं कबूल केलं असेल तर खेळून मगच यायचं." 'नको' ऐकायचा सराव त्या इतका करून घेतात, की मला 'नको, नको' म्हणून कंटाळा यायचा.

त्या कानडी घरातल्या. अक्कलकोटकडच्या गावात गेल्या की पोरांना आधी "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलास का, एवढंच विचारतात. कधी कधी त्या दिवशी तेवढंच विचारून परततात.

एक गंमत सांगतो. एका विद्यार्थ्याने मार खाल्ल्याचं सांगणाऱ्या मुलीला कळवळून चॉकलेट दिलं. दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या पोरांनी त्याला गाठलं. "सर, मला बी मारलंय की!" "मला तर लई मारलंय!" बिचारा वैतागून म्हणाला, "मॅडम, ही पोरं खोटं बोलतात." मॅडम चिडल्या. तेवढं चिडलेलं मी त्यांना क्वचित पाहिलंय. "पोरांना नावं ठेवू नका. दुकान तुम्ही मांडलंत, ती गिऱ्हाईक म्हणून आली. खाऊ द्यायचा तर बोलण्याआधी, आणि सगळ्यांना. आता यातल्या कुणाला खरंच मारलंय हे कसं कळणार? ते तुम्ही हरवून बसलात." त्या विद्यार्थ्याला त्यांनी काढून टाकलं नाही. त्याच वस्तीवर पुन्हा पाठवलं, नुसतं क्रिकेट खेळायला.

आता ज्या गोष्टीमुळे माणसं मॅडमवर डूख धरून आहेत, ती सांगतो. गाव सांगणार नाही, मुलीची ओळखही नाही. माढ्याची रेश्मा ही मॅडमची विद्यार्थिनी एका वसतिगृहातल्या मुलांवर प्रबंध लिहीत होती. बोलणं सुरू करण्याआधीच मुलांना सांगायचं, "तुझं बोलणं मी कुणाला सांगणार नाही, पण तुला धोका आहे असं दिसलं तर गप्प बसणार नाही," हा मॅडमचा नियम. ते ऐकूनही एका मुलीने तिथल्या एका माणसाचं नाव घेतलं.

व्यवस्थापक रेश्माला म्हणाला, "ताई, अभ्यासाला आलात ना? मग अभ्यास करा की. माहिती घ्या, चहा घ्या, जावा." रेश्मा मॅडमकडे आली. मॅडम तिला घेऊन तशाच बाल कल्याण समितीकडे आणि पोलिसांकडे गेल्या. मुलगी सुरक्षित ठिकाणी गेली. वसतिगृहाने अभ्यासाची परवानगी काढून घेतली. रेश्माचं सगळं काम अडकलं, आणि वर्ग तेव्हा ज्या कॉलेजात भरायचा, त्यालाही थोड्याच दिवसांत एकाएकी त्या खोलीची गरज पडली.

एक पुढारी घरी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं गावाची बदनामी होतीया."

"ज्यानं पोरीला त्रास दिला त्यानं केली. त्याला भेटलात का?" मॅडमनी विचारलं. पुढारी चहा न घेताच उठले.

रेश्मा मात्र रडत होती. "मॅडम, माझ्या प्रबंधाचं काय हो?" दुसरं कुणी असतं तर त्याग वगैरे बोललं असतं. मॅडम म्हणाल्या, "गेला तो. वाईट वाटणारच गं. रड, मग जेवून घे. विषय आपण दोघी मिळून नवा शोधू." आणि शोधला. आज रेश्मा डॉक्टर आहे आणि माडीवर मॅडमच्या शेजारी बसून शिकवते.

मध्यंतरी मी फोन केला. मॅडम आता मला अरे-तुरे करतात, तसा हट्ट मीच धरला होता. विचारलं, "मॅडम, वर्ग बंद करताय म्हणं?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणत्यात."

"सगळे म्हणजे कोण रे? नवीन मुली जिन्यात चपला काढतायत. त्यांना जाऊन सांगू, सगळे म्हणतायत म्हणून?"

म्हणून मी सुट्टी टाकली आहे. सत्काराला येईनच, पण त्यानंतर मुक्काम माडीवर. ज्यांना वर्ग बंद करायचा असेल त्यांनी वर येऊन, मुलींच्या समोर तसं सांगावं.

मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो असं बाकीचे लिहितील. मी ते भांडून मागतो. साखर ताब्यात ठेवा, गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका, रेश्माताई सांगेल ते ऐका. या जिल्ह्यात भेदरलेल्या पोरासमोर जो कुणी बसेल तो तुमच्याकडे शिकलेला असावा. असं होईपर्यंत तुम्ही ठणठणीत असायलाच हवं. आणि तसं झालं, की त्यापुढची वर्षं नुसती मजेत जगा. तीही पुष्कळ असू देत.