मागच्या सीटवर सुभेदार

आमच्या शेजारचे सुभेदार पलटणीतून निवृत्त झाले, तरी चहासुद्धा हुकूम सोडल्यासारखा मागायचे. गल्लीत मोटारसायकल त्यांची एकट्याचीच. तिला नवी सीट बसवायला ते मला घेऊन कोरेगावहून साताऱ्याला गेले.

कारागिरानं दोन-तीन सीटा काढल्या. सुभेदारांनी एकेक गाडीवर बसवायला लावली आणि मला फर्मावलं, "तू चालीव रं." स्वतः मागं बसले, तेही बायका बसतात तसे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. भर पेठेतून आमच्या चकरा सुरू झाल्या. लोक फिदीफिदी हसत होते. मी लाजेनं मान खाली घातली. सुभेदार मात्र मिशीला पीळ देत ताठ बसलेले.

शेवटची सीट त्यांनी पसंत केली.

"आवं, पुढं बसून तरी बघा," कारागीर म्हणाला.

"मला काय हुतंय? कंबर कारभारणीची दुखती."