सोंडेचा आकडा

लढाई संपली तसं सोलापूरच्या बाजारात लष्करी भंगार आलं, आणि आमच्या घरातल्या दोन पुरुषांना वेड लागलं. एक माझे सासरे आणि दुसरा त्यांचा एकुलता एक लेक, म्हणजे माझा नवरा. निजामाच्या मुलखात, बेंबळीत आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. माल आणायला एक जुनी व्हॅन घेतली होती. तिचं इंजिन दांडगं, पण पोट लहान. म्हणून या दोघांनी भंगारातला एक कणा आणि दोन चाकं आणली, सुताराकडून वर फळ्या ठोकून घेतल्या आणि व्हॅनच्या मागं जोडायची गाडी तयार केली. राहिला होता फक्त जोडायचा आकडा.

भंगारवाल्याकडं दोन तऱ्हेचे आकडे होते. एकाला वरून झाकण आणि आडवी खीळ. तो लावायचा म्हणजे वाका, खीळ काढा, कडी बसवा, परत खीळ घाला. दुसरा नुसताच उघडा, हत्तीच्या सोंडेसारखा वर वळलेला. ह्यांना खिळीचा पाहिजे होता, मामंजींना सोंड आवडली होती.

"एका हातानं लावा, एका हातानं सोडा," मामंजी म्हणाले. "दर खेपंला कोण वाकतंय?"

मामंजींचं पोट बघता हा मुद्दा बिनतोड होता. सोंड घरी आली.

लोहार म्हणाला, चासीला जाड पट्टी लावून आकडा बसवतो, पण वेळ लागंल. मामंजींना दम निघेना. त्यांनी आकडा मागच्या बंपरलाच ठोकायला लावला, त्याच्यावर विभूतीचे पट्टे ओढले, नारळ फोडला. ह्यांनी ऐटीत व्हॅन सुरू केली. व्हॅन गेली. बंपर, आकडा आणि मागची गाडी विभूतीसकट जागेवर राहिली.

"मुहूर्त चुकला," मामंजी म्हणाले.

मग लोहारानं आधी सांगितलं होतं तसंच केलं. हे दिवसभर व्हॅनखाली आडवे, बाहेर नुसते दोन पाय. मी चहा पायांपाशी ठेवायची.

पहिल्या खेपेला मीही गेले, कारण माझं माहेर सोलापूरचं. परतताना मागच्या गाडीत खोबऱ्याची पोती, साबणाच्या पेट्या भरल्या आणि पार मागच्या टोकाला, पोत्यांवर, मामंजी बसले. बांधलेल्या दोरीवर त्यांचा भरवसा नव्हता.

तामलवाडीला निजामाच्या करोडगिरीचा नाका होता. नाकेदारानं एकूण एक पोतं तपासलं, जकात घेतली, सलाम झाले, आम्ही निघालो. पुढं चढ लागला. चढावर एका खड्ड्यात व्हॅन दणकन आदळली आणि एकदम सुसाट सुटली.

"बघ, कशी पळतीया!" हे म्हणाले. "आकडा दादांनी बरोबर निवडला."

"लईच पळतीया," म्हणत मी मागं वळून बघितलं. मागं नुसता रस्ता होता.

"अवं," मी म्हणाले, "मामंजी कुठं हायत?"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. व्हॅन वळवून आलो तसेच माघारी गेलो.

झालं होतं असं, की मागच्या टोकाला मामंजींचं वजन, त्यामुळं खड्ड्यात पुढची दांडी उचलली गेली, कडी सोंडेतून सुटली आणि गाडी उलटी घरंगळत निघाली. भ्यालं की मामंजींना कानडी सुटायची. "निल्लिसो, निल्लिसो!" म्हणजे थांबवा, थांबवा, असं ओरडत ते नाक्याच्या उघड्या दांड्याखालून गेले आणि इंग्रजांच्या हद्दीत एका बाभळीला टेकून थांबले. अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा मामंजी पोत्यांवरच होते आणि नाकेदार त्यांच्यासमोर उभा होता.

"सावकार, अब्बीच तो गये थे. फिर कायकू आये?"

"म्या न्हाय आलो, गाडी आली!"

"गाडी पे तो आपीच बैठे हैं."

त्याचं म्हणणं, माल हद्दीबाहेर गेला, आता नव्यानं आत येणार, तेव्हा सगळी पोती परत उतरवा. मामंजी उर्दूत भांडले, मराठीत भांडले, शेवटी कानडीत भांडले. कानडी नाकेदाराला कळेना, पण मामंजींचा लाल चेहरा आणि फेट्यात अडकलेली बाभळीची फांदी बघून त्यालाच हसू फुटलं. मी तर कधीचा पदर तोंडात कोंबला होता. त्यानं पोत्यांवरून नुसता हात फिरवला आणि जा म्हणाला.

ह्यांनी दोरखंडानं गाडी करकचून बांधली. घरी आल्यावर लोहारानं सोंडेच्या टोकाला भोक पाडून आडवी खीळ घातली, वर साखळीही दिली. तरी मामंजी पुन्हा मागं बसले नाहीत. त्यांनी पुढची जागा धरली, आणि माल राखायला म्हणून मागं पोत्यांवर माझी नेमणूक झाली.

शेजारणींना माझी कीव यायची. मला मात्र तिथं कुणी बघत नव्हतं. नाका ओलांडला की मी डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकायची, पाय पसरायची, एखादी खोबऱ्याची वाटी काढायची आणि तुळजापूर येईपर्यंत खात बसायची.