धुरपताबाईची पारख

सेलूच्या मोंढ्यामागे, म्हणजे आडतबाजारामागे, धुरपताबाईची खानावळ होती. तिच्या पिठल्याला चव होती आणि भाकरी टम्म फुगायची, हे आधीच सांगून टाकते. यापुढे तिच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फार थोडं आहे.

खानावळीला दोन बाजू होत्या. पुढे फरशीची खोली. तिथे बाकं, कोपऱ्यात माठ आणि स्टीलची ताटं. मागे परसात सरपणाच्या ढिगाशेजारी जर्मनच्या चेपलेल्या ताटल्या. पुढे जेवणाऱ्याचं ताट मोलकरीण उचलायची. मागे जेवणाऱ्याने आपली ताटली आपणच घासून पालथी घालायची आणि पाणी ओंजळीत घ्यायचं. दर मात्र दोन्हीकडे सारखाच.

दारात आलेला माणूस पुढचा की मागचा, हे धुरपताबाई ठरवायची. पूर्वी ती विचारायची, "कुठलं गाव? कुणाचे तुमी?" मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, खेड्यांतून दलितांची घरं जळाली, आणि परगावी आलेली पोरं भलतीच गावं, भलतीच आडनावं सांगू लागली. जिवाच्या भीतीने सांगत होती. धुरपताबाईला मात्र तो स्वतःचा अपमान वाटला.

"तोंडानं सांगाया काय लागतंय?" ती म्हणायची. "मी आता इचारतच न्हाई. बघूनच वळखते."

वहाणा कुठे काढल्या, 'बसा' म्हणण्याची वाट पाहिली का, हे ती बघायची. पण खरी परीक्षा माठाची. सरळ जाऊन माठात गडवा बुडवला तर पुढचा, माठापाशी घुटमळला तर मागचा. एकदा व्यंकटी नावाचा राणीसावरगावचा माणूस ऊसतोडीवरून परतताना आला. धुरपताबाईच्याच जातीचा. बिचारा लाजून माठापाशी थांबला, तर दोन दिवस सरपणाशेजारी जेवून ताटली घासत राहिला. ओळखीचं कुणी भेटल्यावर उलगडा झाला. मोंढा हसला. आपल्या माणसाला मागे बसवलं, ही चूक झाली, असं सगळे म्हणाले. मुळात कुणालाही मागे बसवायचं कशाला, असं एकही जण म्हणाला नाही. धुरपताबाईने तर चूकही कबूल केली नाही.

"त्यानं घुटमळायचं कशाला? आपल्या माणसानं आपल्यावानी वागावं," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून आणखी डोळे ताणून बघू लागली.

तिचं सगळं दुकान त्या नजरेवर चालत होतं. बाकाच्या टोकाला रोज बसणारा आडत्या किशनराव हात धुताना नेमाने म्हणायचा, "धुरपताबाई दारात हाय तवर आपल्याला फिकर न्हाई." शेजारी कोण बसलंय हे गिऱ्हाइकांना बघावं लागत नसे, ते बाईने पाहिलेलं असे. ही नजर चुकते असं एकदा ठरलं की मोंढ्यातला एकही माणूस परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्र्याऐंशीच्या कापूस हंगामात चंद्रभान हा तरुण जिनिंगमध्ये कारकून म्हणून आला. चारठाण्याचा. पहिल्या दिवशी घामेजलेला आत शिरला, थेट माठाकडे गेला, गडवाभर पाणी घटाघटा प्यायला. धुरपताबाईने स्टीलचं ताट मांडलं. पुढे तो तिचा लाडका झाला. "चंद्रभानला गरम भाकरी वाढ गं," असं ती मोलकरणीला ओरडून सांगायची. त्याची जागा किशनरावाला खेटून. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही कुणापासून काही लपवलं नाही.

पौषात त्याची आई तानुबाई आली. पोरगं कुठं जेवतं, कसं जेवतं, एवढं डोळ्यांनी बघायचं आणि एकदा त्याच्या शेजारी बसून दोन घास खायचे, एवढ्यासाठी एसटीत धक्के खात आली होती. चंद्रभान हसतच आत शिरला, मोलकरणीने नेहमीच्या जागी त्याचं ताट वाढलं. तानुबाई उंबऱ्याशी थांबली, तिने पदर सावरला, माठाकडे पाहिलं आणि अंग चोरून भिंतीला लागली.

धुरपताबाईला एवढं पुरलं. "ए बाई, तू मागल्या दारानं ये."

"मावशी, ती माझी आई हाय," चंद्रभान म्हणाला.

किशनरावाच्या हातातला घास हातातच राहिला. त्याने एकदा तानुबाईकडे पाहिलं आणि एकदा आपल्या ताटाला लागलेल्या चंद्रभानच्या ताटाकडे. बाईने एकाला पुढे बसवलं होतं आणि दुसरीला मागे पाठवत होती. दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं.

धुरपताबाई हसली. "आई म्हणायचीच सवय आसती. थोरा घरचं पोरगं, हिनं सांभाळलं आसंल."

"आसंल, आसंल," किशनराव घाईघाईने म्हणाला. "आमच्या घरीबी हुती की एक सांभाळणारी."

"सांभाळलं की," तानुबाई भिंतीपासून म्हणाली. "नऊ महिने पोटात, मग दोन वर्सं कडंवर."

कुणीतरी फिसकन हसलं आणि पाणी पिऊन ते लपवलं.

"मी चारठाण्याच्या बौद्धवाड्यातला," चंद्रभान सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला. "बापाचं नाव मुंजाजी. कवा कुणी इचारलं न्हाई, म्हणून आज सांगायलोय."

"न्हाईस तू," धुरपताबाई म्हणाली.

"मावशी, मी कोण हाय ते मला ठावं हाय की!"

"तुला काय ठावं? तू पयल्या दिशी माठात गडवा कसा बुडवलास ते मी बघितलंय."

"तहान लागली हुती."

किशनराव समजुतीच्या सुरात म्हणाला, "पोरगं तापलंय. बस बाबा, जेव." बाकावरच्या माना हलल्या. चंद्रभान म्हणतो ते खरं मानलं तर हंगामभर आपण सगळे काय करत होतो, हा प्रश्न आला असता. त्यापेक्षा तो खोटा ठरलेला बरा होता.

चंद्रभान आपल्या ताटावर बसला. तानुबाई भिंतीपासून निघाली, बाकावर लेकाच्या शेजारी बसली. तिला कुणी वाढलं नाही. चंद्रभानने आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं. दोघांनी एकाच ताटातली भाकरी मोडली. "पिठल्यात लसूण लय घातलाय," तानुबाई लेकाला म्हणाली. ताट पुसून होईपर्यंत ती उठली नाही.

ती दोघं गेली. रिकामं ताट बाकावर होतं. मोलकरणीने ते उचललं आणि विचारलं, "बाई, ह्ये कुठं ठिवू?"

खोलीतला प्रत्येक माणूस धुरपताबाईकडे बघत होता. ताट मागे टाकलं तर नजर चुकली हे तिच्याच तोंडून ठरत होतं.

"कुठं म्हंजी?" ती खेकसली. "घास आन् ठिव पुढच्या चवडीत."

चंद्रभान परत आला नाही. त्याने खोलीवर स्टोव्ह आणला. दुसऱ्या दिवशी किशनराव वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून आला. सोडलं तर घरचं ताट.

"हे काय वो?" धुरपताबाईने विचारलं.

"काय न्हाई. डागदरनं सांगितलंय, घरच्याच ताटात जेवत जा."

"कुठल्या डागदरनं?"

किशनरावाने ताट पुढे सरकवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसणारा दत्तरावही ताट घेऊन आला. त्यालाही डॉक्टरने सांगितलं होतं.