अगं आणि अहो

त्या ज्युदोच्या वर्गातला झाडून सगळा पोशाख शिंपीणबाईंच्या हातचा. वर्ग त्यांची सून चालवायची. बाई एकदा मापं घ्यायला म्हणून गेल्या, गादीवर माणसं धडाधड पडताना पाहिली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच पांढरा पट्टा बांधून रांगेत उभ्या राहिल्या. आता आली का पंचाईत! घरी सुनेला "अगं" म्हणायचं आणि गादीवर वाकून "अहो मॅडम". कंबर सहज वाकायची, जीभ काही वळायची नाही.

पांढऱ्यानंतरचा पिवळा पट्टा मिळवायचाच, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. तो आधीच शिवून कपाटात ठेवूनही दिला होता. परीक्षेत समोर उभा राहिला वर्गातलाच बेकरीवाला, बाईंच्या दुप्पट. बाईंनी त्याची बाही धरली, कंबर आत घातली आणि गडी आडवा. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. "अगं, बघितलंस का?" म्हणत त्या हात उंचावून गादीभर नाचल्या. बेकरीवाला उठला, त्यांच्यासमोर वाकला आणि बाईही वाकतील म्हणून वाट बघत तसाच राहिला. बाईंचं लक्षच नव्हतं.

"नापास," सून म्हणाली. "फेक छान होती. पण हे रोज तुमच्या हातून पडतात, म्हणून तुम्ही शिकता. त्यांना मान द्यायचा राहिला."

आता घरात वाजणार, म्हणून मुलगा लवकर जेवून मोकळा झाला. पण बाई नुसत्या मशीनपाशी जाऊन बसल्या. खूप वाईट वाटलं होतं, आणि सुनेचं खरं होतं याचं जास्त.

सकाळी त्या बेकरीत गेल्या आणि भर गिऱ्हाइकांत बेकरीवाल्यापुढे कमरेत वाकल्या. तोही हातातल्या ट्रेसकट वाकला. दोन डझन पाव जमिनीवर घरंगळले, आणि ते गोळा करताना दोघांची हसून हसून पुरेवाट झाली.

पुढच्या परीक्षेत बाईंनी त्याला पुन्हा पाडलं, हात देऊन उठवलं आणि आधी स्वतः वाकल्या. सुनेने कपाटातला तो पट्टा त्यांच्या कमरेला बांधला.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी बाईंनी हाक मारली, "अहो, ताटं वाढलीत."

मुलगा दचकला. "आई, मला अहो?"

"तुला कोण म्हणतंय? मॅडमना."

सून लाजून हसली. "आई, घरी अगंच म्हणा हो."

"उद्यापासून अगं," बाई म्हणाल्या. "आज अहोच."