विश्वेश्वररावांचं कारंजं

जयनगरातल्या आमच्या गल्लीत विश्वेश्वरराव मोहित्यांना ‘काय चाललंय?’ असं कुणी विचारत नाही. विचारलं तर ते सांगतात, आणि विचारणाऱ्याचं घरी दूध उतू जातं.

या गृहस्थाचा जन्म एका सरकारी कचेरीत अंदाजपत्रकं करण्यात गेला. तिथे ते एकच गोष्ट शिकले: वरचा साहेब कापणारच. म्हणून त्याला कापायला काहीतरी द्यायचं. दोन दिवे हवे असले की पाच लिहायचे. साहेब तीन कापणार, त्याला काम केल्याचं समाधान, यांना दोन दिवे. ही खोड घरातही आली. बायकोकडे कॉफी मागतानासुद्धा ‘दोन कप’ म्हणायचे. एक मिळायचा.

बायको म्हणजे आमच्या कावेरीवहिनी. या बाई फाटकाशी उभ्या असायच्या तेव्हा गल्लीत वेगळं वर्तमानपत्र लागत नसे. कुणाचा मुलगा होसकोट्याच्या कारखान्यात चिकटला, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं माझ्याआधी त्यांना कळायचं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दारापुढच्या तीन पायऱ्या त्यांना डोंगर झाल्या. बाई घरातल्या घरात फिरत, पण बाहेर नाही. सुरुवातीला मला हाक मारून बातम्या विचारत. मीही, खोटं कशाला सांगू, थोडं तिखटमीठ लावून देत असे. पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. तेव्हा विश्वेश्वरराव घाबरले.

“अण्णा, हिला रस्ता दिसला पाहिजे,” ते मला म्हणाले. “उंबऱ्याच्या पातळीत, बाहेर बसायला जागा करतो. धरायला कठडा. बस्स.”

इतकं साधं होतं. पण यांनी अंदाजपत्रक करायला घेतलं.

आधी सुनेला विचारलं. सिद्धी पुण्याची, हेब्बाळला कॉम्प्युटरच्या कंपनीत. ती खूश झाली. “बाबा, पॅटिओ करू या! वर पर्गोला, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा मांडव, खाली लाकडी डेक, बाजूला प्रायव्हसी स्क्रीन!”

मग कंत्राटदार कार्तिकला बोलावलं. हा प्रत्येक प्रश्नाला कानडी ढंगात एकच उत्तर देई.

“फरशी घातली तर?”

“स्वल्प जास्त होईल, सर.”

“नाही घातली तर?”

“मग खालचं काम वाढतं. स्वल्प जास्त.”

त्या सगळ्या स्वल्पांची बेरीज करता करता विश्वेश्वररावांचा चष्मा घामाने ओला झाला. त्यात सवयीने त्यांनी कापायच्या वस्तू घातल्या: ग्रॅनाइटचा बाक, बागेतले दिवे आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक कारंजं. जिथे उन्हाळ्यात अंघोळीला टँकरची वाट बघतात, त्या गल्लीत कारंजं!

“हे तर ती पहिल्या झटक्यात उडवील,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “मग बाकीचं सुरक्षित.”

कागद वहिनींपुढे गेला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि परत दिला.

“सरी, ठीक आहे. करा.”

“म्हणजे काय काय?”

“सगळं.”

विश्वेश्वररावांचा चेहरा असा झाला की मला खोकल्याचं सोंग घ्यावं लागलं. उभ्या हयातीत त्यांचा कागद न कापता परत आला नव्हता. पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळं करावं तर वहिनींच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी ठेवलेली बँकेतली ठेव मोडावी लागणार. कापावं तर कधी हाताने कापलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे, त्या यादीत खरं कुठलं आणि भरताड कुठलं, हेच आता त्यांना आठवेना.

सिद्धी म्हणाली, फरशी कापा, पर्गोला ठेवा. कार्तिक म्हणाला, पर्गोला कापला तर पत्रे लागतील, स्वल्प जास्त. मला विचारलं, तर मी म्हटलं, “कठडा कापा. वहिनींचा हात धरायला तुम्ही आहात की.” राव लाजले आणि त्यांनी खरंच कठडा कापला! दुसऱ्या दिवशी परत घातला. एका आवृत्तीत तर वर छप्पर होतं, दिवे होते, आणि खाली बसायला जमीनच नव्हती.

शेवटी एका रविवारी दारातच आमची चौघांची जुंपली. आवाज ऐकून वहिनी भिंत धरत धरत उंबऱ्यापर्यंत आल्या.

“इकडे द्या तो कागद. कार्तिक, मी इथे बसले तर रस्ता दिसेल?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न आम्ही कुणी विचारला नव्हता.

कार्तिकने मान खाजवली. “पर्गोल्याला ती जाळीची भिंत येते अक्का. मग नाही दिसणार.”

पर्गोला उडाला. डेक उडाला. दिवे उडाले, कारण रस्त्यावरचा दिवा आहेच. ग्रॅनाइटचा बाक उडाला: “थंड लागतो. माझी वेताची खुर्ची ठेवा.” साधी फरशी राहिली, कठडा राहिला. बोट कारंज्यावर आलं आणि थांबलं.

“हे राहू दे.”

“अगं, ते तर कापायलाच लिहिलं होतं!”

“ठाऊक आहे. मला काय आज कळतंय? सहलीला सिंगापूर लिहिलंत, म्हैसूर दिलंत. चार पाटल्या लिहिल्यात, दोन केल्यात. कापत कोण आलं? मीच. तुमचा साहेब होऊन कंटाळले हो मी. एक तरी वस्तू राहू दे.”

विश्वेश्वररावांनी कागद घेतला आणि कारंज्यापुढे बरोबरची खूण केली. कार्तिकने तोंड उघडलं, तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला. आज तरी स्वल्प नको.

ठेव मोडावी लागली नाही. कारंजं पातेल्याएवढं आहे, तेच पाणी फिरत राहतं, आणि टँकर आला नाही की बंद. वहिनी कठडा धरून बाहेर येतात आणि वेताच्या खुर्चीत दरबार भरवतात. माझं मात्र नुकसान झालं. ताजी बातमी घेऊन जावं, तर बाई म्हणतात, “ते जुनं झालं अण्णा. पुढचं ऐका.”

परवा मी तिथेच बसलो होतो. विश्वेश्वररावांनी सवयीने आत सिद्धीला हाक दिली, “दोन कप कॉफी!”

“दोन आण गं,” वहिनी म्हणाल्या.

दोन आले. राव एकदा या कपाकडे, एकदा त्या कपाकडे बघत राहिले. त्यांचं काही ठरेना. कॉफी निवत होती. म्हणून दुसरा मी उचलला.